मुंबईहून आलेला जुना लॅपटॉप आणि लिनक्स मिंट

गणपतीला चाकरमानी गावाला येतात तेव्हा पिशव्या-बॅगांमध्ये बऱ्याचदा एक जुना लॅपटॉपही असतो. ऑफिसने काढून टाकलेला, नाहीतर मुलाने नवीन घेतला म्हणून घरात पडून राहिलेला. "गावाक आई-बाबांका होईत" म्हणून आणलेला हा लॅपटॉप विसर्जनानंतर माझ्या टेबलावर येतो. मालवणात मी हेच काम करते, त्यामुळे दुखणं न उघडताच कळतं. चालू व्हायला चहा होईपर्यंतचा वेळ, मग एक खिडकी उघडली की दुसरी अडकते.

हे लॅपटॉप भंगारात द्यायचे नाहीत. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. २०१५-१६ चं चांगलं मशीन त्यात बसत नाही. त्याच मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर ती नीट चालते, तिला पैसे पडत नाहीत, आणि तिच्या सध्याच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मिंट टाकायला तास-दीड तास पुरतो. खरं काम त्यानंतरचं: समोर बसणाऱ्या माणसाच्या हाताला ते लागलं पाहिजे. पुष्कळजण टाकून मोकळे होतात आणि महिन्याभरात तो लॅपटॉप कपाटात जातो. म्हणून पहिला भाग भरभर सांगते आणि दुसऱ्यावर थांबते.

टाकण्याआधी

हार्ड डिस्क जुनी, फिरणारी असेल तर आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला. २५६ जीबीची पुरते. रॅम वाढवण्यापेक्षाही हा फरक मोठा पडतो. मागचं झाकण उघडलंच आहे तर बॅटरी सोडवून रॅमची पट्टी काढा आणि तिचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने पुसा. आमच्याकडे खाऱ्या, दमट हवेने तिथे थर धरतो आणि "लॅपटॉप मधेच बंद पडतो" ही तक्रार कधी कधी तेवढ्यानेच जाते.

जुने फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. काढलेल्या फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, मगच पुढे जा.

मिंटच्या संकेतस्थळावर सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई असे पडद्याच्या मांडणीचे तीन पर्याय दिसतील. चार जीबी रॅम असेल तर डोळे झाकून त्यातलं हलकं एक्सएफसीई घ्या. आठ जीबी असेल तर सिनॅमनही चालेल, पण पुढचं सगळं मी एक्सएफसीई धरून सांगते. फाइल सुमारे ३ जीबीची आहे. ती मोबाइलच्या डेटावर उतरवताना रेंज गेली तर अर्धवट राहते आणि मग इन्स्टॉल मधेच अडकतं. म्हणून उतरवल्यावर तपासा: विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ चा आकडा (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारी अक्षर-अंकांची ओळ) काढा आणि संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. एक अक्षर जरी वेगळं असेल तर फाइल पुन्हा उतरवा.

आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि रुफस किंवा बलेना एचर हा प्रोग्राम वापरून त्यावर ती फाइल चढवा. नुसती कॉपी करून भागत नाही. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह घेऊ नका.

टाकताना

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करा आणि बूट मेनूची (कुठून चालू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीची) कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ-१२, एचपीला एफ-९, असूसला एस्केप. पडदा काळाच राहिला तर मेनूतला कंपॅटिबिलिटी मोड निवडा.

आता मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, डिस्कला अजून हात लागलेला नसतो. इथे घाई करू नका. वायफाय पकडतं का, आवाज येतो का, कॅमेरा, टचपॅड, पडद्याचा उजेड कमीजास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का, सगळं बघा. वायफाय सापडलं नाही तर घाबरू नका. फोन यूएसबीने जोडून त्याचं टेदरिंग चालू करा, नेट येतं. मग इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडला की हवा तो ड्रायव्हर तो स्वतःच सुचवतो.

मग डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह. कीबोर्ड इंग्लिश यूएस ठेवा, मराठी नंतर जोडू. पासवर्ड देवनागरीत पडला तर लॉगिनलाच अडाल. मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत खूण करा, नाहीतर व्हिडिओ चालत नाहीत म्हणून फोन येईल. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम चालू होऊ न देणारी लॅपटॉपची सोय) चालू असेल तर इथे एक वेगळा पासवर्ड मागतात, तो कागदावर लिहा. पहिल्यांदा रीस्टार्ट होताना निळा पडदा येतो. त्यात एनरोल एमओके, मग कंटिन्यू, मग येस, मग तोच पासवर्ड. हा पडदा बघून लोक बिचकतात आणि लॅपटॉप बंद करतात. बंद करू नका, तो एकदाच येतो.

डिस्क पूर्ण पुसून टाकायचा पर्याय सर्वात सरळ. विंडोज शेजारी ठेवायचंच असेल तर आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या आणि जागा तिथूनच मोकळी करा. टाइम झोनला कोलकाता.

बसणाऱ्या माणसासाठी

तारकर्लीला होमस्टे चालवणाऱ्या एका काकूंचा लॅपटॉप उदाहरणाला घेते. त्यांची कामं मोजकी: व्हॉट्सअ‍ॅपवरून बुकिंग, पाहुण्यांची नोंदवही, बिल छापणं, फोटो. विंडोजची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे मिंट विंडोजसारखं दिसावं म्हणून मी वेळ घालवला नाही. त्यांना हवं ते पहिल्या पडद्यावर आणलं.

सुरुवात अक्षरांपासून. सेटिंग्जमध्ये अपिअरन्स, त्यात फॉन्ट्स. तिथे अक्षरांचा आकार ठरवणारा डीपीआय ९६ असतो, तो ११० ते १२० करा. चष्म्याच्या वयातल्या माणसाला एवढ्याने सगळं सोपं जातं. मग फाइल मॅनेजर थुनार उघडा आणि प्रेफरन्सेसमध्ये, तसंच डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये, एका क्लिकने उघडायचा पर्याय निवडा. डबल क्लिक जमणं हे एक वेगळंच कौशल्य आहे, ते कुणावर का लादायचं?

व्हॉट्सअ‍ॅपचं लिनक्ससाठी वेगळं अ‍ॅप नाही, पण मिंटमध्ये वेब अ‍ॅप्स नावाचं साधन आधीपासून असतं. त्यात नाव आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबचा पत्ता घाला, ब्राउझर निवडा, झालं. मेनूत त्याचं स्वतःचं चिन्ह येतं. त्यावर राइट क्लिक करून ते डेस्कटॉपवर आणि पॅनलवर, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीवर, घ्या. ती खिडकी उघडून फोनने कोड स्कॅन करा.

"फोटो खंय गेले गो?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. त्याला उत्तर म्हणजे "पाहुण्यांचे फोटो" आणि "बिलं" असे दोन फोल्डर. ते ओढून थुनारच्या डाव्या पट्टीत सोडले की कुठूनही दिसतात. नावं मराठीतच द्या, मिंटला काही अडचण येत नाही. बाकी डेस्कटॉप रिकामा ठेवा.

सगळं मनासारखं झालं की पॅनल प्रेफरन्सेसमध्ये जाऊन पॅनल लॉक करा आणि पॅनल प्रोफाइल्समध्ये ती मांडणी जतन करा. सुट्टीत नातवंडं आली की पॅनल हमखास डावीकडे जातो किंवा गायब होतो; जतन केलेली मांडणी निवडली की पुन्हा जागेवर.

होमस्टेवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट फार उपयोगाची. पाहुणे तिकीट छापायला लॅपटॉप मागतात. लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये, युजर्सच्या पानावर, गेस्ट सेशनला परवानगी द्या. पाहुणा त्यातून आपलं मेल उघडतो, छापतो, आणि लॉगआउट केलं की त्याचं सगळं पुसलं जातं. काकूंच्या फायली त्याला दिसत नाहीत, त्याचा पासवर्ड काकूंकडे राहत नाही.

मराठी टायपिंग

यासाठी वेगळं काही उतरवावं लागत नाही. सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट. "सिस्टिम डिफॉल्ट" ची खूण काढा, अ‍ॅड दाबा, इंडियनच्या खाली मराठी शोधा. इनस्क्रिप्ट येत असेल तर ते घ्या, उच्चाराप्रमाणे टाइप करायचं असेल तर कागप. दोन भाषांमध्ये जायला ऑल्ट-शिफ्ट ठेवा आणि पॅनलवर कीबोर्ड लेआउट्सचं चिन्ह लावा, म्हणजे कुठली भाषा चालू आहे ते दिसतं.

नवीन शिकणाऱ्याला मी इनस्क्रिप्टच सुचवते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आठवड्याभरात बोटं बसतात. एन वर ल, शिफ्ट धरून ळ. जे वर र, शिफ्ट धरून ऱ. बसवून झालं की "किनाऱ्यावरच्या दऱ्या" टाइप करून बघा. शिफ्ट-जे, मग डी वरचा हलन्त, मग य. तो अर्धा र नीट उमटला की निर्धास्त व्हा.

फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त' आणि आयआयटी मुंबईची 'शोभिका', दोन्ही मोफत आहेत. पडद्यावर 'मुक्त' वाचायला छान, छापायला 'शोभिका'. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टसाठी (त्यात देवनागरी येते) मराठी निवडा. मग ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. लग्नपत्रिका करणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेलं काम ज्यांच्याकडे भरपूर आहे, त्यांनी ते मशीन विंडोजवरच ठेवावं. आधारसाठी बोटाचे ठसे घेणारी यंत्रं चालवणाऱ्यांनाही मी तेच सांगते, कारण त्यांची सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असतात.

लाइट जाणारच

जूनमध्ये वारा सुटला की आमच्याकडे लाइट जाते, आणि या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते. मिंट ज्या ext4 पद्धतीने डिस्क वापरतं, तिच्यात जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) असल्यामुळे अचानक बंद पडूनही सिस्टिम सहसा उठते. पण टाइप करत असलेलं पान जातं. लिब्रेऑफिस दर दहा मिनिटांनी सुटकेची प्रत ठेवतं. ऑप्शन्समध्ये लोड-सेव्ह, जनरल इथे ते तीन मिनिटं करा. बॅटरीत थोडा जीव असेल तर पॉवर मॅनेजरमध्ये बॅटरी अगदी उतरल्यावर शटडाउन निवडा. ग्राहकांची बिलं करणाऱ्याने छोटा यूपीएस घ्यावाच.

पहिल्याच दिवशी मिंटमधलं टाइमशिफ्ट हे साधन चालू करा आणि आठवड्याला एक, असे सिस्टिमचे दोन स्नॅपशॉट (त्या वेळच्या प्रती) ठेवा. एखाद्या अपडेटने बिघडलं तर मागे जाता येतं. एक लक्षात घ्या, टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतं, तुमचे फोटो आणि बिलं नाही. त्यांच्यासाठी बाहेरची डिस्क लागतेच.

रॅम चारच जीबी असेल तर विंडो मॅनेजर ट्विक्समध्ये कंपॉझिटर (खिडक्यांची सजावट करणारा भाग) बंद करा. सावल्या जातात, मशीन हलकं होतं. ब्राउझरमध्ये टॅब कमी ठेवा. चार जीबी खाणारा तोच असतो, मिंट नव्हे.

अपडेट मॅनेजरच्या ढालीवर नारिंगी ठिपका दिसला की अपडेट आले आहेत. घरात फक्त मोबाइलचा डेटा असेल तर ते आपोआप लावायचा पर्याय बंद ठेवा आणि चांगलं नेट मिळेल तिथे महिन्यातून दोनदा तरी लावा. २२ च्या मालिकेतली पुढची आवृत्ती आली की अपडेट मॅनेजरच्या एडिट मेनूतच तिचं नाव दिसतं. आधी स्नॅपशॉट घ्या, चार्जर लावा, आणि हे काम आभाळ मोकळं असलेल्या दिवशी करा.