हेडलाइटची पिवळी काच: कोकणातल्या हवेत टिकेल असं काम

उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीची हेडलाइट काही वर्षांत आधी दुधी, मग पिवळी होते. किनाऱ्यावर लोक याचा दोष खाऱ्या वाऱ्याला देतात, पण खरा घात ऊन करतं. ही काच पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते. बारीक दगड लागला तर ती सहसा फुटत नाही, मात्र उन्हातल्या अतिनील किरणांपुढे टिकत नाही. म्हणून कारखान्यातच तिच्यावर पातळ, कडक, पारदर्शक थर चढवतात. ऊन आणि दमट हवेने हा थर कुजून सुटायला लागतो, तेच ते पिवळेपण. मीठ आणि वाळू नंतर हातभार लावतात: काचेवर सुकलेलं मीठ कोरड्या फडक्याने पुसलं की ओरखडे पडलेच.

टूथपेस्टने घासल्यावर काच चमकते हे खरं आहे, पण त्यात उरलासुरला थरही निघतो आणि नवा काही चढत नाही. पुढच्या उन्हाळ्यात काच पहिल्यापेक्षा वाईट दिसते. मच्छर पळवायचं क्रीम चोळण्याचा उपाय तर करूच नका, ते प्लॅस्टिकच विरघळवतं. पेट्रोल आणि थिनरही काचेपासून लांब ठेवा, त्यांनी आतून बारीक तडे जातात.

टिकाऊ काम म्हणजे खराब थर पॉलिश पेपरने घासून काढायचा आणि त्याजागी नवा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, फवारायचा. आधी काचेवर पाणी ओता. ओली असताना ती स्वच्छ दिसली तर दोष वरचाच आहे आणि काम होण्यासारखं आहे. ओली असूनही धुरकट दिसली तर आत बाष्प असेल, मागचं रबर गेलं असेल किंवा हवेची नळी चोंदली असेल. तिथे पॉलिश पेपर काही करू शकत नाही. प्लॅस्टिकच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसत असतील तर नवी हेडलाइट घ्या. अॅम्बॅसॅडर किंवा पद्मिनीची काच खरी काच आहे, तिला पेपर लावू नका.

आता हंगाम. गणपतीला गाडी गावी न्यायची म्हणून हे काम बहुतेकांना श्रावणात आठवतं, आणि नेमकं तेव्हाच ते करायचं नसतं. दमट हवेत फवारलेला क्लिअर कोट सुकताना थंड होतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि थर दुधी पडतो. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे कोरडे दिवस धरा. त्यातही सकाळचं दव उडाल्यावर, दहानंतर फवारा आणि दुपारी तीनच्या आत आटपा, म्हणजे संध्याकाळचा ओलावा यायच्या आत वरचा थर धरलेला असतो. मोहोराच्या दिवसांत गाडी आंब्याखाली नको, तुडतुड्या किड्यांचा मधासारखा चिकट स्राव ताज्या थरावर पडला की निघत नाही.

सामान: ६००, ८००, १००० आणि १५०० नंबरचे वॉटरपेपर, प्रत्येकी दोन, पेपर गुंडाळायला स्पंजचा ठोकळा, रुंद मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सोडणारं फडकं, आणि हेडलाइटसाठीचा, यूव्ही (अतिनील) संरक्षण लिहिलेला टू-के क्लिअरचा कॅन. टू-के म्हणजे हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, वेगळा असलेला. बूड दाबून तो आत सोडला की कॅन त्याच दिवशी संपवायचा. साध्या लॅकरचा कॅन स्वस्त मिळतो, पण उन्हात तो फार टिकत नाही.

गाडी सावलीत घ्या. जांभ्याच्या अंगणात आधी पाणी मारा, कारण लाल मातीचा एक कण पेपरखाली सापडला की पुढची दहा मिनिटं त्याचा ओरखडा काढण्यात जातात. काच शॅम्पूने धुवा. बोनेट, बंपर आणि फेंडरच्या कडांवर टेपचे दोन थर द्या, पेंट गेला तर हेडलाइटपेक्षा महाग पडतं.

पेपर पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा. पाणी शक्यतो गोडं घ्या, त्यात शॅम्पूचे चार थेंब. थर सोलून निघत असेल तर ६०० पासून सुरुवात करा, नुसतं पिवळं असेल तर ८०० पुरे. पहिला नंबर आडवा, पुढचा उभा, मग पुन्हा आडवा; म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते लगेच दिसतं. सुरुवातीला पिवळसर पाणी गळतं, ती जुन्या थराची घाण. पाणी पांढरं यायला लागलं की प्लॅस्टिक लागलं. काच पुसून सुकवा आणि तिरकी बघा. नकाशासारख्या कडा दिसल्या तर तिथे जुना थर उरलाय. तो पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, नव्या थराखाली ती कड कायम दिसत राहते. बहुतेक कामं इथेच घाईने बिघडतात.

१५०० नंतर काच सगळीकडे सारखी दुधी दिसते. घाबरू नका, ओली करून बघा: ओली असताना जशी दिसते, साधारण तशीच ती क्लिअरखाली दिसणार आहे. क्लिअर मारायचा असेल तर इथेच थांबा. रबिंग कंपाऊंड, म्हणजे घासून चमक आणायची पेस्ट, लावू नका. त्यातलं तेल आणि मेण उरलं की क्लिअर धरत नाही, गोल खड्डे पडतात. फवारायचंच नसेल तर २००० आणि ३००० नंबर, मग कंपाऊंड, मग यूव्ही सीलंट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा लेप. किनाऱ्यावर तो दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो. ड्रिलवर फोम पॅड लावत असाल तर फिरवण्याचा वेग कमी ठेवा, एका जागी धरलं की प्लॅस्टिक वितळून डाग पडतो.

अल्कोहोलने पुसा, दहा मिनिटं सुकू द्या, मग बोट लावू नका. टू-केमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते फुप्फुसांना घातक आहे. कापडी मास्क चालत नाही, रसायनांची वाफ अडवणाऱ्या ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे आणि चष्मा हवा. मोकळ्या पडवीत, चुलीपासून लांब फवारा. अंतर साधारण वीतभर. पहिला हात अगदी हलका, धुक्यासारखा. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा जरा भरून. फवारा काचेच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. टेप थर पूर्ण कडक व्हायच्या आत काढा, नाहीतर कड तुटते. गाडी २४ तास कोरडी ठेवा, आठवडाभर धुऊ नका.

ओघळ आला तर ओला असताना बोट घालू नका. दोन दिवसांनी २००० ने घासा आणि कंपाऊंडने उजळा. थर किंचित दुधी झाला असेल तर सुकल्यावर १५०० ने घासून, कोरड्या दुपारी नव्या कॅनने एक हात पुन्हा द्या.

काच साफ झाली म्हणून ९०/१०० वॅटचा बल्ब बसवू नका. एच-फोर प्रकारचा बल्ब असेल तर नेमका ६०/५५ वॅटचाच ठेवा, जास्त उष्णतेने आतला रिफ्लेक्टर आणि वायरिंग जळतं. हेडलाइट काढून काम करणार असाल तर त्याआधी गाडी भिंतीसमोर उभी करून लो बीमची वरची कड खडूने आखा आणि गाडीच्या चाकांच्या जागाही आखून ठेवा. बसवल्यावर तिथेच उभी करून झोत त्याच रेषेवर आणा, नाहीतर घाटात समोरच्याच्या डोळ्यांवर जाईल.