इम्प्रेशनिझम बघायला लागायचंय? आधी सावल्या बघा

इम्प्रेशनिझमकडे, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या, बदलता उजेड रंगवणाऱ्या चित्रकारांच्या चळवळीकडे, नव्यानं वळणाऱ्या मुलांना मी पहिली गोष्ट सांगतो ती ही की, त्यातला बिनीचा चित्रकार क्लोद मोने, त्याची कमळं सध्या बाजूला ठेवा. मगवर, उशीच्या अभ्र्यांवर, दवाखान्यांच्या भिंतींवर ती इतकी छापली गेलीत की नजर त्यांच्यावरून घसरूनच जाते. शिवाय ती त्याच्या उतारवयातली कामं. तिथवर तो कसा पोचला हे ठाऊक नसेल तर फक्त छान छान डाग दिसतात. सुरुवात करायची ती त्याच्याच ‘मॅग्पाय’ या चित्रापासून.

१८६८-६९चा हिवाळा, नॉर्मंडीतलं एत्रता गाव. शेतावर बर्फ, काटक्यांचं कुंपण, एक फाटक आणि फाटकावर बसलेला काळा-पांढरा पक्षी. ऊन कुंपणाच्या पलीकडून येतंय, त्यामुळे सावली आपल्या बाजूला पडलीय. आणि ती निळी आहे, कुठेकुठे जांभळटसुद्धा. १८६९च्या सलोनच्या, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या अधिकृत प्रदर्शनाच्या, निवड समितीनं हे चित्र नाकारलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. तिथे जवळ जाऊन पाहिलं तेव्हा मला धक्का बसला तो पांढऱ्याचा. बर्फाचं एवढं मोठं चित्र, पण ट्यूबमधून काढून तसाच लावलेला पांढरा शोधावा लागतो. सायीसारखा पिवळट, गुलाबी, राखाडी, निळसर असं काय काय आहे, आणि दहा पावलं मागे आलं की सगळं मिळून लख्ख बर्फ!

आमच्या कॉलेजात सावलीचा हिशोब सरळ होता. जलरंग असेल तर पेन्स ग्रे हा तयार गडद राखाडी, तैलरंग असेल तर बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी. वाईच्या घाटावर बसा नाहीतर नाशिकला गोदाकाठी, दगडाची सावली आणि माणसाची सावली एकाच वाटीतून यायची. ही सवय सुटायला मला बराच काळ लागला. पुस्तकं वाचून ती सुटत नाही, हेही सांगून ठेवतो.

सावली निळी-जांभळी दिसते याला कारणं आहेत, चित्रकाराची लहर नव्हे. थेट ऊन अडलं तरी सावलीतल्या जागेवर आकाशाचा उजेड पडतच असतो, आणि तो निळा असतो. दुसरं कारण आपल्या डोळ्यांतलं. शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथे तक्रार आली की काळा धागा फिका पडतो. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळे काळा तसा दिसत होता. यावरचं त्याचं पुस्तक १८३९मध्ये आलं. पिवळ्या उन्हाला खेटून असलेली सावली जांभळी भासते ती याच न्यायानं. अशा सावल्या जागेवर जाऊन रंगवायला आणखी एक मदत झाली: १८४१मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं रंगाची धातूची ट्यूब काढली, त्यामुळे रंग खिशात टाकून शेतावर जाणं सोपं झालं.

आता आणखी दोन चित्रं घ्या. मोनेचा साथीदार पिसारो याचं ‘होअरफ्रॉस्ट’ (१८७३) या चित्रकारांनी १८७४मध्ये भरवलेल्या पहिल्या प्रदर्शनात होतं. नांगरलेलं शेत, दंव, पाठीवर मोळी घेतलेला म्हातारा. शेतावर आडव्या सावल्या पडल्यात त्या झाडांच्या, पण झाडं चित्रात नाहीतच! लुई लरुआ या टीकाकारानं आपल्या लेखात या चित्राची टर उडवली, की हे तर मळक्या कॅनव्हासवर लावलेलं पॅलेटचं खरवडण. दुसरं, याच गटातल्या रेन्वाचं उन्हातल्या स्त्रीचं चित्र, त्यांच्या १८७६च्या प्रदर्शनातलं. पानांतून गाळून आलेला उजेड तिच्या अंगावर हिरवे-जांभळे ठिपके टाकतो. ‘फिगारो’ या वर्तमानपत्राच्या टीकाकार आल्बेर वोल्फला त्यात सडणारं मांस दिसलं. बर्फ, शेत, कातडी. तिन्ही चित्रं लोकांना खटकली, आणि तिन्हींत नवी गोष्ट होती ती सावलीच. म्हणून मी सावलीपासून सुरुवात करा म्हणतो.

सराव मात्र घरच्या उन्हातच करायचा. एका जाड कार्डाला पंचनं भोक पाडा. सकाळी नऊच्या सुमारास दोरीवर पांढरी चादर वाळत घाला आणि एक डोळा मिटून भोकातून तिच्या चुण्या बघा. आजूबाजूचं झाकलं की ‘चादर पांढरी असते’ हे मेंदू विसरतो. आकाशाकडे तोंड असलेली चुणी निळसर निघेल. खाली कोकणातलं जांभ्याचं अंगण असेल तर खालचा काठ चक्क गुलाबी दिसेल. तो रंग पॅलेटवर जुळवा, काळी ट्यूब घरात ठेवून. अर्ध्या-पाऊण तासात ऊन सरकतं. मग त्याच कागदावर डागडुजी करत बसू नका, नवा घ्या. आणि मोनेची निळाई आपल्या मे महिन्याच्या बाराच्या उन्हात जशीच्या तशी ओतू नका. फ्रान्समधला सूर्य तिरपा आणि हवा ओलसर, इथे सावली पायाखाली गोळा होते आणि जमिनीचा रंग तिच्यात चढतो.

सगळं जागेवरच रंगवायचं असतं, असा हट्टही नको. रुआँच्या कॅथेड्रलची मालिका मोनेनं १८९२ आणि १८९३मध्ये समोरच्या खोल्यांतून रंगवली, पण पुरी केली जिव्हर्नी गावातल्या आपल्या स्टुडिओत. देगा या चित्रकाराला तर बाहेर बसून रंगवणाऱ्यांचा तिटकाराच होता, तरी तो या मंडळींच्या प्रदर्शनांत होताच.

पॅरिसला जाणं सगळ्यांना जमत नाही. न्यूयॉर्कचं मेट (मेट्रोपॉलिटन) संग्रहालय आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट त्यांच्याकडच्या बऱ्याच चित्रांच्या मोठ्या प्रतिमा फुकट उतरवून घेऊ देतात. शिकागोकडे मोनेनं रंगवलेल्या शेतातल्या धान्याच्या गंजींची अनेक चित्रं आहेत. त्यातली दोन शेजारी शेजारी ठेवून फक्त गंजीच्या सावल्या ताडून बघा. जायला मिळालंच तर ओर्सेच्या पाचव्या मजल्यापासून सुरू करा, सोमवार सोडून. मोनेच्या ज्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या चित्रावरून या साऱ्या चळवळीला नाव पडलं, ते तिथे शोधू नका. ते पॅरिसच्याच मार्मोताँ संग्रहालयात आहे.