तोडलेल्या डॉगवुडचे लाकूड कातकामासाठी कसे वाचवावे

अमेरिकेच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना फुलणारे डॉगवुड परिचयाचे असते. एप्रिलमध्ये पाने फुटण्याच्या सुमारास चार-चार पांढऱ्या दलांनी ते झाकून जाते (ही दले म्हणजे पाकळ्या नव्हेत, तर मधल्या बारीक फुलांभोवतीची रूपांतरित पाने असतात), आणि व्हर्जिनिया व मिसूरी या दोन राज्यांनी ते आपले राज्यवृक्ष मानले आहे. हे झाड मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढते. त्याची उंची सहसा 10 मीटरच्या आतच राहते आणि खोडाचा व्यास क्वचितच 30 सेंटीमीटरपर्यंत जातो. त्यामुळे वादळात ते पडले, घराच्या वाढीव बांधकामासाठी तोडले गेले किंवा रोगाने वाळले, तर लाकडाच्या दृष्टीने त्याची कोणी किंमत करत नाही आणि त्याचे तुकडे यंत्रात घालून चुरा केला जातो. लेथवर (लाकूड फिरवत ठेवून हत्याराने कातण्याच्या यंत्रावर) काम करणाऱ्या माणसाला मात्र इतके दाट आणि एकजीव लाकूड विकत सहजी मिळत नाही.

कापडगिरण्यांना या लाकडाची पारख पूर्वीपासून होती. मागावर सतत इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याला आदळआपट सोसावी लागते आणि तरीही त्याच्या अंगावर कूस उठून चालत नाही, कारण एका कुसळानेही सूत तुटते. डॉगवुड घासले जाईल तसे अधिकच गुळगुळीत होते. म्हणूनच प्लॅस्टिक येईपर्यंत धोट्यांसाठी या लाकडाला मोठी मागणी होती. मोगरी, लाटणे, हत्यारांच्या मुठी, भोवरे, बुद्धिबळाची प्यादी अशा कातीव वस्तूंसाठीही नेमका हाच गुण उपयोगी पडतो. आपल्याकडे सह्याद्रीत डॉगवुड नाही, पण आजच्या वर्गीकरणानुसार आपला अंकोल त्याच कुळात मोडतो आणि त्याचेही लाकूड कठीण असते.

झाड ओळखणे

तोडलेल्या ढिगातून डॉगवुड ओळखायचे तर आधी साल पाहावी. जुन्या खोडावर ती लहान चौकोनी खवल्यांत फुटलेली दिसते. अशी साल पर्सिमन आणि ब्लॅक गम या झाडांचीही असते, म्हणून फांद्या पाहणे आवश्यक आहे. डॉगवुडच्या फांद्या समोरासमोर फुटतात, तर त्या दोन्ही झाडांच्या एकाआड एक फुटतात. पाने शिल्लक असतील तर आणखी एक खात्रीची खूण आहे: पान आडवे फाडून दोन्ही भाग हळूच दूर ओढले, तर शिरांमधून बारीक पांढरे धागे निघतात आणि खालचा तुकडा त्यांच्यावर लोंबकळत राहतो. चिनी-जपानी वंशाचे कौसा डॉगवुड बागांतून लावलेले आढळते. त्याची साल खवल्यांची नसून ठिपक्याठिपक्यांनी सोलते, पण कातकामाला तेही चांगले.

लाकूड उचलण्यापूर्वी जमिनीच्या मालकाची परवानगी घ्यावी, आणि जागा सार्वजनिक असेल तर ती ज्या कार्यालयाकडे असेल त्याला विचारावे. सालीसह ओंडके दूरच्या गावी नेऊ नयेत. झाडे मारणारे कीटक अशाच प्रवासातून पसरतात आणि अनेक राज्यांत त्याविषयी नियम आहेत. खुद्द डॉगवुडवरही 1970च्या दशकाच्या अखेरीस अँथ्रॅक्नोज या बुरशीजन्य रोगाचे संकट आले आणि डोंगराळ, दमट जंगलांतील पुष्कळ झाडे गेली. म्हणून उभे, निरोगी झाड केवळ लाकडासाठी पाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पडलेलीच पुरेशी असतात.

पहिला दिवस

या लाकडाचे भवितव्य बहुतांशी पहिल्या दिवशीच ठरते. डॉगवुड वाळताना फार आकसते: पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत वर्तुळाकार वलयांच्या दिशेने सुमारे 11 टक्के आणि केंद्रापासून सालीच्या दिशेने सुमारे 7 टक्के. दोन दिशांमधील ही तफावत आणि टोकांतून वेगाने निघून जाणारे पाणी, या दोहोंमुळे उघडा ठेवलेला ओंडका काही दिवसांतच टोकापासून आत फाटत जातो.

तेव्हा ओंडका शक्य तितका लांब ठेवावा, कारण टोकाचे काही सेंटीमीटर तड्यांमुळे वाया जाणार हे गृहीतच धरावे लागते. कापलेली टोके त्याच दिवशी, शक्य तर तासाभरात, बंद करावीत. त्यासाठी लाकूडकामाच्या दुकानांत मेणाचे पाण्यात मिसळलेले द्रावण मिळते. ते नसेल तर वितळवलेल्या मेणात टोक बुडवावे. मेण मात्र उघड्या आचेवर न वितळवता गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे. घरातला उरलेला रंगही चालतो, फक्त त्याचे दोन-तीन जाड थर द्यावे लागतात. टोकांबरोबरच छाटलेल्या फांद्यांच्या खुंटांवर आणि गाठींवरही लेप द्यावा, कारण तड्याची सुरुवात तेथूनही होते.

उन्हाळ्यात पडलेल्या झाडाबाबत अधिकच त्वरा करावी. या लाकडाचा बाहेरचा भाग रुंद, मलईच्या रंगाचा आणि किंचित गुलाबी झाक असलेला असतो. आपल्याला हवा असतो तो मुख्यतः हाच भाग, कारण आतला तपकिरी गाभा लहान असतो. उबदार हवेत ओंडका सालीसह पडून राहिला, तर बुरशीमुळे तो गोरा रंग राखाडी-निळसर होतो, आणि एकदा लागलेला हा डाग कोणत्याही पॉलिश पेपरने निघत नाही. थंडीत तोडलेले झाड या दृष्टीने भाग्याचे.

मधला कणा काढणे

ओंडका अखंड गोल ठेवला तर तो फाटणारच, कितीही मेण लावले तरी. म्हणून खोडाच्या मधोमध असलेला कणा काढून टाकणे हे दुसरे मुख्य काम. वाडगा करायचा असेल तर ओंडका कण्यातून उभा चिरून दोन अर्धे करावेत आणि प्रत्येक अर्ध्याच्या सपाट बाजूवरून आणखी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर काढून टाकावे. साखळी-करवतीने हे करताना ओंडका कधीही मोकळा ठेवू नये. तो लाकडी घोडीत घट्ट बसवावा. डोळ्यांवर व कानांवर संरक्षण आणि पायांत योग्य बूट असल्याशिवाय करवत सुरूच करू नये.

लाटणे, मूठ किंवा मोगरीसारख्या लांबट वस्तूंसाठी मी करवतीपेक्षा पाचरच पसंत करतो. पाचर मारून फाडलेला तुकडा लाकडाच्या तंतूंच्या वाटेनेच फाटतो, त्यामुळे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात आणि वस्तू मजबूत होते. फाडताना तुकडा पिळवटून निघाला तर झाडाचे तंतू मळसूत्रासारखे वळलेले आहेत हे लगेच कळते. असा तुकडा लांब वस्तूसाठी बाजूला ठेवावा आणि त्याचे भोवरे किंवा गुंड्या कराव्यात. वाकलेल्या खोडाचे आणि आडव्या फांद्यांचे लाकूडही जपूनच घ्यावे. ज्या तुकड्यात कणा मधोमध नसून एका बाजूला सरकलेला दिसतो, त्यात ताण साठलेला असतो आणि वाळताना तो बाक धरतो.

वाळवणे

येथे धीर हेच खरे हत्यार आहे. फाडलेले तुकडे सावलीत, जमिनीपासून उंच, मध्ये पट्ट्या घालून रचावेत. ऊन, पंखा किंवा हीटर यांच्याजवळ ठेवू नयेत. सुरुवातीच्या आठवड्यांत हवा जितकी संथ तितके चांगले. कीटक सालीखाली घर करतात म्हणून उबदार दिवसांत साल काढावी, मात्र साल काढल्यावर वाळण्याचा वेग वाढतो हे ध्यानात ठेवून तुकडे काही काळ पोत्याखाली झाकून ठेवावेत. दर अडीच सेंटीमीटर जाडीला एक वर्ष, हा जुना ठोकताळा डॉगवुडलाही लागू पडतो.

इतकी वाट पाहायची नसेल तर ओले असतानाच लेथवर ओबडधोबड आकार द्यावा. वाडग्याची भिंत साधारणपणे व्यासाच्या दहाव्या भागाइतकी ठेवण्याची पद्धत आहे, पण डॉगवुड जास्त आकसत असल्यामुळे मी आठव्या भागाइतकी ठेवतो: 16 सेंटीमीटरच्या वाडग्याला 2 सेंटीमीटर. नंतर तो वाडगा लेथच्याच ओल्या ढलप्यांसह कागदी पिशवीत घालून तोंड बंद करावे आणि पिशवी भिजली की बदलावी. लांबट वस्तूंचे गणित असे: 60 मिलिमीटर व्यासाचा ओला दंडगोल घरातल्या हवेत वाळल्यावर एका दिशेने सुमारे 55 आणि दुसऱ्या दिशेने सुमारे 57 मिलिमीटर उरतो. म्हणजे 45 मिलिमीटरच्या लाटण्यासाठी ओल्या दंडगोलाचा व्यास 55च्या खाली असू नये.

लाकूड वाळले की नाही हे अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहावे आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर महिन्याला पुन्हा वजन करावे. सुरुवातीला ते झपाट्याने उतरते, मग संथपणे, आणि लागोपाठ दोन महिने तेवढेच राहिले की तुकडा तयार झाला असे समजावे.

लेथवर

वाळलेले डॉगवुड फार कठीण असते, त्यामुळे धार लवकर बोथट होते आणि पटाशी वरचेवर परजावी लागते. धार चांगली असेल तर लाकडाचा पृष्ठभाग हत्यारातूनच हस्तिदंतासारखा गुळगुळीत निघतो आणि पॉलिश पेपर 240 क्रमांकापासून सुरू केला तरी पुरतो. बोथट धारेने दाबून काम केल्यास लाकूड तापते आणि टोकांवर केसासारख्या बारीक चिरा पडतात, म्हणून घाई करू नये. याचा भुसा अतिशय बारीक असल्यामुळे साध्या रुमालावर न भागवता गाळणीचा मास्क लावावा, आणि चेहऱ्यासमोर पारदर्शक ढाल असावी.

तेलाने हा गोरा रंग पिवळसर होतो. रंग टिकवायचा असल्यास बिनरंगी लाखेच्या पॉलिशचे पातळ हात द्यावेत. लाटण्याला मात्र काहीही लावू नये. पिठाच्या आणि हातांच्या घर्षणानेच त्याला काही महिन्यांत अशी चकाकी येते की वेगळ्या पॉलिशची गरजच उरत नाही.