नवी प्रोग्रामिंग भाषा: वापरणारे कसे जोडावेत, कसे टिकवावेत

आज लिहिलेला कोड पुढच्या वर्षी चालेल याची खात्री नसेल, तर भाषा कितीही देखणी असो, तिच्यावर कोणी काम उभं करत नाही. सुरुवात इथूनच करा.

पायथन या भाषेची ३.० आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. पायथन २ आणि ३ चा कोड एकाच प्रोग्राममध्ये चालत नव्हता. त्यामुळे आपण वापरतो त्या लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) ३ वर येईपर्यंत लोक थांबून राहिले आणि २.७ चा सपोर्ट संपायला १ जानेवारी २०२० उजाडला. रस्ट या भाषेने २०१५ मध्ये १.० ही पहिली स्थिर आवृत्ती आल्यावर वेगळी वाट धरली. दर सहा आठवड्यांनी छोटी आवृत्ती येते. जुन्या कोडला न मानवणारे व्याकरणातले बदल 'एडिशन'मध्ये जातात: २०१५, २०१८, २०२१, २०२४. कोणती एडिशन घ्यायची हे प्रत्येक पॅकेज (इतरांना वापरता येईल असा बांधलेला कोड) स्वतः ठरवतं, आणि वेगवेगळ्या एडिशनची पॅकेजं एकत्र जोडता येतात. बराचसा बदल 'कार्गो फिक्स --एडिशन' ही कमांड करून देते. ही सोय १.० च्या आधीच आखा. नंतर बसवणं फार अवघड.

पॅकेज सहज पुसता येऊ देऊ नका. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारावरून 'लेफ्ट-पॅड' हे ११ ओळींचं पॅकेज काढलं गेलं आणि असंख्य प्रकल्पांचे बिल्ड (कोडमधून प्रोग्राम तयार करण्याचं काम) अडले. रस्टमध्ये सदोष आवृत्ती 'यँक' करतात: नव्यांना ती मिळत नाही, पण लॉक फाइलमध्ये (प्रकल्प नेमक्या कोणत्या आवृत्त्या वापरतो त्याची यादी) तिची नोंद असलेल्यांचं काम चालू राहतं.

न समजणारा एरर मेसेज हा बगच समजा आणि तसाच नोंदवून घ्या. नवा माणूस बहुधा इथेच भाषा सोडतो. मेसेजमध्ये चुकीची ओळ, कारण आणि शक्य तिथे दुरुस्त कोडही दाखवा.

मोठे बदल लेखी प्रस्तावातूनच करा. त्यात तोटे आणि पर्याय यांचे रकाने सक्तीचे ठेवा. रस्टमध्ये निर्णयाआधी शेवटच्या हरकतींसाठी १० दिवस मिळतात.

निर्णय एकाच माणसावर सोडू नका. पीईपी ५७२ या भाषाबदलाच्या प्रस्तावावरच्या वादानंतर जुलै २०१८ मध्ये पायथनचे जनक ग्विडो व्हान रॉसम पायउतार झाले, तेव्हा पुढची व्यवस्था पायथनला नव्याने ठरवावी लागली. आता तिथे पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ आहे आणि एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य त्यात चालत नाहीत. हा नियम जरूर उचला.

आचारसंहिता नेत्यांनाही लागू करा. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्टच्या मॉडरेशन टीमने (आचारसंहिता पाळली जाते ना, हे पाहणारा गट) एकत्र राजीनामा दिला, कारण त्यांच्या मते कोअर टीम हा नेतृत्वाचा गट स्वतःशिवाय कोणालाच उत्तरदायी नव्हता. नेत्याविरुद्धची तक्रार कोण ऐकणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.