काउकाउवर संध्याकाळी पळायला जाताय? हेडटॉर्च घेतला का?

न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये ऑफिस सुटल्यावर शहरालगतचा काउकाउ डोंगर करायचं ठरलं की जो तो आधी शूजचं विचारतो. ट्रेलचे शूज घाला, विषय संपला. विचारायचंच असेल तर हेडटॉर्चचं विचारा. मागच्या जूनमध्ये माझा हेडटॉर्च घरी चार्जिंगलाच राहिला आणि खंडालाच्या बाजूची झाडी मी मुळं चाचपत, काही ठिकाणी तर चक्क बुडावर बसून उतरलो, त्यामुळे काय घ्यायचं याची ही यादी एकाच वस्तूकडे झुकलेली आहे, चालवून घ्या.

आपण धरतो तो रस्ता म्हणजे जॉन्सनव्हिल स्टेशनला उतरायचं, ओल्ड कोच रोडने चढायचं (1850च्या दशकातला घोडागाडीचा रस्ता आहे, त्यामुळे चढ दमाने घेतो), मग कुरणांमधून धारेधारेने काउकाउ, उंची 445 मीटर, आणि पलीकडे झाडीतून खाली खंडाला पार्क. गोम इथेच आहे. चढ सगळा उघड्यावर, तिथे शेवटपर्यंत उजेड असतो, वर माथ्यावरच्या टीव्ही टॉवरपाशी आकाश मस्त केशरी झालेलं असतं आणि आपल्याला वाटतं अजून अर्धा तास सहज आहे. मग झाडीत शिरलं की वर तावा-कोहेकोहे या झाडांचं छप्पर, खाली पोंगाच्या (झाडाएवढ्या नेच्याच्या) छत्र्या, आणि बाहेर संध्याकाळ असताना आत रात्र. जूनमध्ये सूर्य पाचच्या आसपास मावळतो. एप्रिलमध्ये घड्याळं एक तास मागे गेली की मार्चमध्ये उजेडात होणारी तीच धाव आपसूक अंधारात जाते, हे दरवर्षी कोणीतरी विसरतं. म्हणून हेडटॉर्च. निघताना लख्ख ऊन असलं तरी हेडटॉर्च.

'मोबाईलचा टॉर्च आहे की' असं म्हणणाऱ्यांसाठी: नाही चालत. एक हात अडकतो, आणि घसरल्यावर नेमका तोच हात टेकायला लागतो. थंडीत बॅटरी भराभर उतरते, त्यात वर उभं राहून व्हिडिओ काढलेले असतात, आणि फोन खरं तर लागतो 111 हा इमर्जन्सी नंबर लावायची वेळ आली तर. तेव्हा डोक्याला बांधायचाच घ्या, 200-300 ल्युमेन पुरे, महागाचा नको. आदल्या रात्री चार्ज करा आणि चार्ज झाला की तिथल्या तिथे बॅगेत टाका, सॉकेटला लटकत ठेवू नका (मी काय केलं ते वर लिहिलंय). लॉकचं बटण असेल तर दाबा, नाहीतर बॅगेत दाबला जाऊन तासभर आतल्या चिक्कीवर उजेड पाडत बसतो. आणि ढग खाली आलेला असेल तर कपाळावरचा झोत धुक्यावर आपटून समोर नुसती पांढरी भिंत दिसते, तेव्हा तो काढून कमरेजवळ धरायचा, मग पायाखालचं दिसायला लागतं.

पाणी अर्धा लिटर. खायला चिक्की नाहीतर खजूर. वाऱ्याचं जॅकेट, पातळ का होईना, कारण चढताना घामाने भिजलेला टीशर्ट आणि वरचा वारा एकत्र आले की दोन मिनिटांत दात वाजतात. वेलिंग्टनच्या वाऱ्याबद्दल अजून काय सांगायचं. दक्षिणेकडचा गार वारा सुटणार असेल तर मेटसर्व्हिसवर हवामान बघून सरळ दुसरा दिवस धरा, हट्ट नको.

कुरणांमध्ये गेट जसं दिसेल तसं ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. आपल्याला वाटतं बंद करून उपकार केले, आणि तिकडे जनावरं पाण्यापासून तुटतात. गाईबरोबर वासरू असेल तर लांबून वळसा. मेंढ्यांच्या कळपातून धावत जायचं नाही, थांबा, त्या हलतील, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा त्या व्यायला झालेल्या असतात, आणि शेतातल्या काही वाटा त्या काळात बंदही ठेवतात, आधी बघून घ्या. कुंपणाची तार धरून उडी मारू नका, करंट असू शकतो. पावसानंतर गुरांच्या खुरांनी चिखलात खोल खळगे पडतात, वरून पाणी साचून सपाट दिसतात, घोटे तिथेच जातात. पिवळ्या फुलांचं गॉर्सचं काटेरी झुडूप दिसायला छान, पण पोटऱ्या सोलून काढतं, लांब मोजे घाला. सापांची काळजी सोडा, या देशात सापच नाहीत, आपल्याकडच्या सवयीने गवतात पाय आपटत कोणी चालू नका, हसतात लोक.

वर पोचल्यावर बंदर, मातिउ बेट, टारारुआचे डोंगर, दुसऱ्या बाजूला माकाराच्या पवनचक्क्या, आणि हवा स्वच्छ असेल तर सामुद्रधुनीपलीकडे दक्षिण बेटावरचा 2,885 मीटरचा तापुआए-ओ-उएनुकु, हिवाळ्यात वर बर्फ. बघा, पण दहा मिनिटं. आणि खाली निघायच्या आधी, टॉवरपाशीच, हेडटॉर्च डोक्याला लावून एकदा चालू करून बघा. झाडीत शिरल्यावर नाही. अंधार पडल्यावर नाही. वर, उजेडात, बॅगेत शोधता येतंय तोवर. बरोबरच्यांनाही लावायला सांगा, एका टॉर्चवर दोघं उतरणं म्हणजे मागच्याने पुढच्याच्या सावलीत पाय टाकणं.

उतार. मुळं ओली आणि गुळगुळीत असतात, त्यांच्यावर नाही, मधल्या मातीवर पाय. पावलं छोटी. पळायचा मोह आवरा, उतारावर वेळ वाचवून काही मिळत नाही. पोंगाचं पान उलटं पडलेलं असेल तर झोतात चांदीसारखं चमकतं, त्याला पाणी समजून दचकू नका. वरून अचानक फडफड झाली तर केरेरू असेल, जाडं कबूतर आहे, काही करत नाही.

खाली खंडाला स्टेशन (नाव आपल्या खंडाळ्यावरून पडलं म्हणतात, पुढे सिमला क्रेसेंटही लागतं). ट्रेनच्या तिकिटाचं स्नॅपर कार्ड विसरू नका. कोरडा टीशर्ट. घरी 'उतरलो' एवढा मेसेज टाका. आणि ओले मोजे ट्रेनमध्ये काढू नका, प्लीज.