फातोर्ड्याच्या अवे सामन्याची तयारी

मुंबई सिटी या फुटबॉल क्लबच्या चाहत्यासाठी फातोर्डा, म्हणजे मडगावातलं एफसी गोव्याचं मैदान, हा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात गोड अवे (परक्या मैदानावरचा) सामना. रात्रीच्या गाडीने जाता येतं, जेवण झकास मिळतं आणि समोर नारिंगी रंगात गच्च भरलेलं स्टेडियम असतं. पण आधीची आखणी कच्ची राहिली तर हाच दिवस मडगाव स्टेशनच्या बाकावर संपतो. म्हणून तयारी परतीच्या प्रवासापासून सुरू करावी.

सामना साडेसातचा असेल तर शेवटची शिट्टी सव्वानऊनंतरच वाजते. पाहुण्या चाहत्यांना गर्दी पांगेपर्यंत थोडा वेळ थांबवून ठेवतात, त्यामुळे गेटबाहेर पडेपर्यंत पावणेदहा धरावेत. मुंबईला येणारी कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच सुटते, बहुतेक खाजगी स्लीपर बसही त्याच सुमारास निघतात. म्हणजे मुक्काम करावाच लागतो. खोली मडगाव किंवा फातोर्ड्यातच घ्यावी. कळंगुट-बागाकडची खोली स्वस्त दिसते, पण रात्री तिकडे जायला टॅक्सीचं भाडं खोलीपेक्षा जड पडतं. सकाळी मांडवी एक्स्प्रेस पकडली की दिवसाउजेडी कोकण बघत रात्रीपर्यंत मुंबईत.

जाताना दोन सोयीचे पर्याय आहेत. आदल्या रात्री सीएसएमटीवरून कोकणकन्या, ती सकाळी मडगावला सोडते आणि अख्खा दिवस हाताशी राहतो. किंवा पहाटेची वंदे भारत, जी दुपारी एकच्या पुढेमागे पोचते. ती शुक्रवारी नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या सामन्याला जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं, हे पक्कं लक्षात ठेवावं. घाटात आणि कटिंगमध्ये (डोंगर कापून काढलेल्या मार्गात) दरडीच्या भीतीने गाड्या हळू चालवतात, वेळा बदलतात, वंदे भारतचे दिवसही कमी होतात. त्या हंगामात सामन्याच्याच दिवशी प्रवास करू नये. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. सामन्यांचं वेळापत्रक जाहीर झालं की त्याच संध्याकाळी जायचं आणि यायचं, दोन्ही तिकिटं काढावीत. तत्काळ एक दिवस आधी मिळतं, एसीसाठी सकाळी 10 आणि स्लीपरसाठी 11 वाजता. ऑनलाइन काढायचं तर खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते आठवडाभर आधीच करून ठेवावं.

सामन्याचं तिकीट घेताना घाई करू नका. पाहुण्या चाहत्यांना कोणता स्टँड दिला आहे हे वेस्ट कोस्ट ब्रिगेड या मुंबई सिटीच्या चाहत्यांच्या गटातल्या लोकांना विचारून मगच काढावं. ईस्ट लोअर ही एफसी गोव्याच्या सगळ्यात जोरदार चाहत्यांची जागा. तिथे मुंबईची निळी जर्सी घालून बसलं की बंदोबस्तावरचे पोलीस उठवतात आणि पहिली वीस मिनिटं जागा बदलण्यात जातात. तिकिटाचा क्यूआर कोड फोनमध्ये फोटो म्हणून साठवावा. गेटवर हजारो फोन एकदम चालू असतात, तेव्हा मेल उघडत नाही.

बॅनर करायचा असेल तर फ्लेक्स नको. तो घडीवर चिरतो, जड होतो आणि ट्रेनमध्ये कुठेच नीट मावत नाही. मांजरपाट घ्यावा, 10 फूट लांब आणि 4 फूट रुंद पुरतो. कापड आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढावी, कारण खळीवर दिलेला ॲक्रिलिक रंग पहिल्याच घडीला पापुद्र्यासारखा सुटतो. अक्षरांची उंची किमान दीड फूट ठेवावी, बारीक अक्षरं समोरच्या स्टँडवरून वाचता येत नाहीत. चारही कडा दुमडून शिवाव्यात आणि दर दीड फुटावर नाडी टाचावी. प्लास्टिकचे केबल टाय आणू नयेत: ते सोडायला कात्री लागते आणि कात्री गेटवरच काढून घेतात. रंग पूर्ण सुकायला दोन दिवस धरावेत आणि नेताना बॅनर गुंडाळून न्यावा. जाहिरातीच्या बोर्डांवर टांगला तर लगेच उतरवतात. ढोल, मोठे बॅनर यांची परवानगी क्लबामार्फत आधी घ्यावी लागते, झेंड्याची काठी बहुधा अडवतात, धुराचे फटाके तर मुळीच नकोत.

सकाळी उतरल्यावर मोठी बॅग खोलीवर टाकावी. खोली दुपारी मिळणार असेल तर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येते, पण तिथे कुलूप लावलेलीच बॅग घेतात. छोटं कुलूप घरूनच आणा. स्टेडियममध्ये पाण्याची बाटली, हेल्मेट, छत्री, लायटर, पॉवरबँक यांवर गदा येते. खिशात फोन, ओळखपत्र, घशासाठी चार-पाच गोळ्या आणि शंभर-पन्नासच्या नोटा एवढंच असावं. फोन पूर्ण चार्ज करूनच निघा.

भाड्याने स्कूटर घेतली तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असल्याची खात्री करावी. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलीस पर्यटकाला हमखास थांबवतात. शिवाय हेल्मेट ठेवायचं कुठे हा प्रश्न उरतोच. एकट्यादुकट्याने पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी घ्यावी, भाडं आधी ठरवून. कदंबा बसस्टँडवरून स्टेडियमपर्यंत पायी जाता येतं.

दुपारी मासळीची थाळी आणि सोलकढी, पण अडीचच्या आत, नाहीतर गाताना पोट जड वाटतं. पाच-साडेपाचला गाड्यावर रस आमलेट-पाव खावा: आमलेटवर कोंबडीच्या शागुतीचा गरम रस, वर कच्चा कांदा आणि लिंबू. शाकाहारी असाल तर पातळ भाजी-पाव. दारू गोव्यात स्वस्त असली तरी सामन्याआधी टाळावी, झिंगलेल्याला गेटवरून परत पाठवतात. सहा-सव्वासहाला रांगेत उभं राहावं, म्हणजे बॅनर बांधायला वेळ मिळतो.

आणि शेवटपर्यंत थांबा. 24 एप्रिल 2024 च्या इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत याच मैदानावर मुंबई नव्वदाव्या मिनिटापर्यंत 0-2 अशी मागे होती. मग मुंबईच्या छांगटे, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगटेचे गोल, नव्वदाव्या मिनिटाला आणि भरपाई वेळेच्या पहिल्या आणि सहाव्या मिनिटाला; सामना 3-2. रिक्षा लवकर मिळावी म्हणून पाच मिनिटं आधी उठणाऱ्याला हे तिन्ही गोल दिसले नसते.

बाहेर पडताना जर्सीवर साधा शर्ट चढवावा आणि चार-पाच जणांनी एकत्र चालावं. भांडणं क्वचितच होतात, पण हरलेल्या गर्दीत डिवचू नये. बॅनर घामाने किंवा पावसाने ओला झाला असेल तर खोलीवर पंख्याखाली पसरून ठेवावा. दमट घडीत दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि मांजरपाटावरून ते निघत नाहीत.