कुत्र्याला पोहायला शिकवताय? आधी पाण्याबाहेर यायला शिकवा

मे महिन्यात बीड-परभणीकडे पारा 42 अंशांच्या पुढं गेला की कुत्रा आपणहून मोरीत किंवा नळाखालच्या चिखलात जाऊन बसतो. त्यावरून त्याला पोहायला आवडेल असं धरू नका. पाण्यात पडल्यावर बहुतेक कुत्रे पाय मारतात, पण काठ कुठं आहे हे ठाऊक नसेल तर मारतच राहतात आणि थकून बुडतात.

सुरुवात घरच्या टपापासून करा. टप पसरट हवा आणि सावलीत हवा. तळाशी ओलं पोतं अंथरा, कारण पहिल्याच दिवशी पाय घसरला तर कुत्रा पुन्हा टपाजवळ फिरकत नाही. पंजे बुडतील एवढंच पाणी घाला. पोळीचा तुकडा आधी टपाच्या काठावर, मग पाण्यात धरा. त्याला उचलून आत ठेवू नका, तोंडावर पाणी उडवू नका. पाच-दहा मिनिटं पुरे. तो स्वतःहून आत-बाहेर करू लागला की पाणी कोपरापर्यंत, पुढं छातीपर्यंत वाढवा. (टँकरवर चालणाऱ्या गावात हे पाणी नंतर झाडांना जाईल, तेव्हा साबण नको.)

आता खोल पाण्याची जागा, आणि घात बहुतेक इथंच होतो. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं दिसायला सोयीचं, पण त्याच्या उतारावर शेवाळ धरतं. कुत्र्याची नखं तिथं रुतत नाहीत, माणसालाही चढता येत नाही; वर तो प्लास्टिकचा कागद फाटला तर शेताचा मालक बोलणार ते वेगळंच. विहिरीचं नाव काढू नका. सिमेंटच्या कालव्याला पाण्याची पाळी सुटली की ओढ असते आणि काठ तिरका व गुळगुळीत. पैठणचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथं कुत्रा सोडायचा नाही. उथळ उतरणीचा, वाळू किंवा मुरमाचा काठ शोधा. पाणी संथ असावं, पण त्यावर हिरवट साय आलेली नसावी. त्या शेवाळाचं विष कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

कुत्र्याला हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घाला, गळ्यातला पट्टा नको. हार्नेसला पाच-सात मीटर दोरी बांधा. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा आणि कुत्र्याचं तोंड काठाकडं करा. एक हात पोटाखाली, मागच्या पायांच्या जरा पुढं. दोन-तीन हात अंतर त्याला पोहत जाऊ द्या. काठावर दुसऱ्या कुणी हाक मारून खाऊ द्यावा. दर वेळी बाहेर यायची जागा तीच ठेवा. ती पक्की झाली की वेगळ्या बाजूनं सोडून पाहा. तो त्याच जागेकडं वळला, तर समजा काम झालं.

पुढचे पंजे पाण्याबाहेर येऊन फटफट आवाज होत असेल तर मागचं अंग बुडतंय. अशा वेळी तो दम खर्चतो, पण पुढं सरकत नाही. पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट अंग आडवं ठेवतं. पग, बुलडॉग यांना ते कायमच घाला. आखूड नाकामुळं त्यांचा श्वास लवकर फुलतो. कारवानी, पश्मी अंगानं सडपातळ, चरबी कमी. त्यांना थंडी लवकर वाजते, म्हणून वेळ कमी ठेवा.

खेळायला चेंडूपेक्षा चपटं खेळणं बरं. मोठा चेंडू तोंडात धरताना जबडा उघडा राहतो आणि दर फेरीला पाणी पोटात जातं. ते फार झालं की रक्तातलं मीठ विरळ होतं. पोट फुगणं, उलटी, झोकांड्या, हिरड्या पांढऱ्या पडणं यातलं काही दिसलं तर तडक जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. दहा मिनिटं खेळ झाला की तेवढीच विश्रांती द्या, आणि भरल्या पोटी पाण्यात उतरवू नका.

घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुवा, कान सुती फडक्यानं आतून टिपा. दोन दिवसांनी कान खाजवत असेल, वास येत असेल तर संसर्ग समजा. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) येतो, त्याची लस दरवर्षी द्या. खूप पोहल्यावर दुसऱ्या दिवशी शेपूट दोरीसारखी लोंबलेली दिसली तर ओढून पाहू नका. स्नायू आखडलेले असतात, काही दिवसांच्या आरामानं उतरतं. दुखणं जास्त वाटलं तर डॉक्टरांना दाखवा. माणसाची दुखण्यावरची गोळी कुत्र्याला देऊ नका.